शंभर वॅटचा माणूस

बस चिंगे इथं, आज तुला माणसाच्या उष्णतेची गोष्ट सांगतो.

तू नुसती बसलीस, तरी तुझं अंग ऊन लागतं ना? सकाळी खाल्लेली भाकरी आत हळूहळू जळते आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात अशी जी ऊर्जा खर्च होते, ती साधारण शंभर वॅटच्या एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. राव असो की रंक, सगळे शंभराचेच! हजारो वर्षं माणूस एवढ्यावर, चुलीतल्या लाकडावर आणि बैलांच्या खांद्यावर जगला.

मग कोळसा हाती लागला. आपल्या चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा म्हणजे कोण, ठाऊक आहे? पंचवीस कोटी वर्षांहून जुनी झाडं. ग्लॉसोप्टेरिस त्यांचं नाव, पानं जिभेसारखी लांबट. ती ऊन प्यायली, हवेतला कार्बन त्यांनी अंगात साठवला आणि दलदलीत गाडली गेली. ते मुरलेलं ऊन आपण उकरून जाळू लागलो, तसा तो कार्बनही हवेत परतला.

आता हिशेब कर. 1900 साली जगात साधारण 160 कोटी माणसं होती. 2022 च्या नोव्हेंबरात 800 कोटी झाली. पाचपट. मग कोळसा, तेल नि वायू जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कितीपट झाला असेल? पाचपट नाही गं, अठरापटीच्याही वर!

कारण माणसानं स्वतःच्या दिव्याभोवती आणखी दिवे लावले. मोटार, कारखाना, सिमेंट, एसी. जगाची सरासरी काढली तर आज माणशी असे शंभर वॅटचे चोवीसेक दिवे जळतात. अमेरिकेत नव्वदच्या आसपास, आपल्याकडे आठ-नऊ. नायजरमधल्या खेड्यातल्या बाईच्या वाट्याला किती थोडे येत असतील! हवेतल्या या कार्बननं पृथ्वी तापते; ती तिच्या लेकरांमुळे तापली, असं कुणी म्हटलं तर मला फार वाईट वाटतं.

आणि माणसं वाढली, तीही या जळणाच्या बळावर. हवेतल्या नायट्रोजनपासून खतासाठी अमोनिया करण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरनं 1909 मध्ये करून दाखवली, बॉशनं तिचा कारखाना उभारला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न वायू नि कोळसा वापरून केलेल्या त्या खतावर पिकतं.

माणसं कमी झाली की धूर आपोआप कमी होतो, असंही नाही. चीनची लोकसंख्या 2022 पासून घटते आहे. 2023 मध्ये त्याचा धूर वाढलाच. घरं लहान होतात तेही बघ. वाड्यात दहाजणांत एक फ्रिज पुरायचा. तेच दहाजण तीन फ्लॅटमध्ये गेले की तीन फ्रिज लागतात. महाराष्ट्रात आता बाईला सरासरी दोन मुलंही होत नाहीत, तरी विजेची मागणी वाढतेच आहे.

आफ्रिकेत आज जन्मणाऱ्या मुलांना अभ्यासाला दिवा हवा, उन्हाळ्यात पंखा हवा, दवाखान्यात लस थंड राहायला हवी. ते त्यांना मिळालंच पाहिजे. त्यासाठी गाडलेलं ऊन उकरायची गरज नाही. सहारात रोज पडणारं ताजं ऊन पॅनेलवर धरता येतं. त्या पॅनेलचे पैसे ज्यांनी आजवर नव्वद दिवे जाळले, त्यांनी द्यावेत, असं मला वाटतं.