मीठ : गरजेपुरते आणि गरजेपलीकडचे

‘खाल्ल्या मिठाला जागावे’ असे आपण म्हणतो. मिठाला हा मान उगाच मिळालेला नाही. मज्जातंतूंचे संदेशवहन, स्नायूंचे आकुंचन आणि शरीरातील पाण्याचा समतोल ही कामे मिठातील सोडियमवाचून होत नाहीत. गवत-पाल्यात सोडियम फार थोडे असल्याने रानातील तृणभक्षी प्राणी खारट माती चाटावयास जातात आणि पशुपालक गाई-म्हशींच्या खुराकात मीठ घालतात. जुलाबाने क्षीण झालेल्या बालकाला जीवदान देणाऱ्या जलसंजीवनीतही मीठ असतेच. प्रश्न आहे तो गरजेपलीकडच्या मिठाचा.

जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. ते त्यांच्या आवाक्याबाहेर गेले की शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि कालांतराने रक्तवाहिन्याही ताठर होतात. यातून रक्तदाब चढतो. प्राण्यांवरील अभ्यासांनी हे स्पष्ट केले आहे. १९६२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ लुईस डाल यांनी दाखवून दिले की, सारखाच खारट आहार दिला तरी उंदरांच्या एका वंशाचा रक्तदाब खूप वाढतो, तर दुसऱ्याचा फारसा वाढत नाही. मिठाची बाधा होण्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, हे त्यातून कळले. पुढे गॅबन देशात चिंपांझींच्या आहारात टप्प्याटप्प्याने दररोज १५ ग्रॅमपर्यंत मीठ वाढविण्यात आले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वीस महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरीने ३३ अंकांनी वाढला होता. मीठ थांबविल्यावर सहा महिन्यांच्या आत तो पूर्ववत झाला. या शेवटच्या निष्कर्षातच आपल्याला दिलासा आहे.

माणसांचे चित्र निराळे नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत ३२ देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. त्यांत मिठाचा वापर जवळजवळ न करणारे ब्राझीलमधील यानोमामी आदिवासी होते. वयोमानानुसार रक्तदाब वाढतोच, ही आपली समजूत त्यांच्या बाबतीत खोटी ठरली.

‘आम्ही वरून मीठ घेतच नाही, डॉक्टर,’ हे वाक्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी ऐकू येते. सांगणारे खोटे बोलत नसतात. पण आमटी-भाजीत शिजताना पडलेले मीठ, लोणचे, पापड, फरसाण, पाव आणि सुकी मासळी हे सारे त्यांच्या हिशेबातून सुटलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ पुरे. चार प्रौढ माणसांच्या घराला त्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅमपेक्षा अधिक मीठ लागू नये. एक किलोची पिशवी महिनाभरात संपत असेल, तर माणशी दररोज सुमारे ८ ग्रॅम मीठ वापरले जाते, आणि त्यात बाहेरच्या खाण्यातले मीठ धरलेलेच नाही. गृहिणींनी पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. घरचा हिशेब आपोआप समोर येईल.

दोन गैरसमजांविषयी सावध करणे आम्हाला आवश्यक वाटते. सैंधव ‘नैसर्गिक’ असले तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते. दुसरे, बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. चीनमधील ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे दिसले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये आणि मीठ कमी केले म्हणून चालू औषधही मनाने बंद करू नये.

उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच अनेक रुग्ण आमच्याकडे येतात ते पक्षाघात झाल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी होत आल्यावर. तेव्हा खर्चाचा भार काही अंशी संस्था उचलू शकते, गेलेले दिवस मात्र परत आणू शकत नाही. जिभेला मात्र काही आठवड्यांतच कमी मिठाची सवय होते. एका रुग्णासाठी वेगळा अळणी स्वयंपाक न करता साऱ्या घरानेच मीठ थोडे थोडे कमी करावे, अशी आमची सर्व कुटुंबांना नम्र विनंती आहे.