पट्ट्यापट्ट्यांची अक्षरं

आय.बी.एम.चा लोगो न पाहिलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सापडणं कठीण! तीन जाडजूड अक्षरं आणि त्यांना आरपार कापणाऱ्या आडव्या फटी. पॉल रँड या अमेरिकन डिझायनरने १९५६ मध्ये या कंपनीसाठी भरीव अक्षरांचा लोगो केला आणि १९७२ मध्ये त्याचं आठ पट्ट्यांचं रूप आलं. 'आय' अरुंद, 'एम' ऐसपैस. पण सारख्या पट्ट्यांमुळे ही असमान अक्षरं एका माळेत ओवल्यासारखी दिसतात.

गॅदरिंगच्या बॅनरवर किंवा डिपार्टमेंटच्या टी-शर्टवर हाच इफेक्ट मराठीत आणायचा असेल तर? इंकस्केप हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फुकट आहे, लिनक्सवरही चालतं, त्यामुळे क्रॅक शोधत रूम-रूम फिरायची गरज नाही.

आधी थोडं गणित. ८ पट्ट्या म्हटल्या की मध्ये ७ फटी, म्हणजे एकूण १५ समान भाग. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत उंची ९० मिमी असेल तर प्रत्येक भाग ६ मिमी, आणि एका पट्टीपासून पुढची पट्टी १२ मिमी खाली.

आता कृती :

१. जाड युनिकोड फॉन्टमध्ये शब्द टाइप करा. शुद्धलेखन आत्ताच तपासा आणि एक कॉपी बाजूला ठेवा, कारण पुढे मजकूर बदलता येणार नाही.

२. पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या. ग्रुप सोडवा आणि सगळी अक्षरं निवडून 'युनियन' करा. आता पूर्ण शब्द म्हणजे एकच आकृती. फ्लेक्सवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही.

३. शब्दापेक्षा रुंद, ६ मिमी उंच, बॉर्डर नसलेला आयत काढून त्याची वरची कड शिरोरेषेच्या वरच्या कडेला लावा. कंट्रोल-डीने डुप्लिकेट करून 'ट्रान्सफॉर्म'मधून १२ मिमी खाली सरकवा. असं ७ वेळा.

४. आठही पट्ट्या निवडून त्यांचंही 'युनियन' करा. ही पायरी गाळलीत तर घात होतो! इंटरसेक्शन म्हणजे सगळ्यांना सामाईक भाग. वेगवेगळ्या पट्ट्यांत सामाईक काहीच नसतं, म्हणून उत्तर येतं रिकामा संच. सेट थिअरी अशी भेटते.

५. पट्ट्या आणि शब्द दोन्ही निवडून 'इंटरसेक्शन'. झालं!

कोरल ड्रॉवाल्यांनी कंट्रोल-क्यूने कर्व्ह करावेत. तिथे युनियनला 'वेल्ड' म्हणतात, बाकी रीत तीच.

खरी गंमत मात्र देवनागरीत आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. शिरोरेषेवर फट आली की शब्दाचा सांगाडा ढासळतो. म्हणून पहिली पट्टी शिरोरेषेवरच हवी, आणि शिरोरेषेची खालची कड फटीत पडायला हवी. ती दुसऱ्या पट्टीत शिरली तर तिथे शब्दभर एक बारीक चिंधी उरते.

दुसरा धोका अनुस्वाराचा. वर पट्टीच नसेल तर इंटरसेक्शन तो गिळून टाकतं आणि 'रंगमंच'चा 'रगमच' होतो! उपाय सोपा : चौथ्या पायरीआधी सगळ्यात वरच्या पट्टीची वरची कड ओढून मात्रांच्याही वर न्या. तसंच शेवटची पट्टी खाली ओढली की उकार वाचतो. मात्रा भरीव, अक्षरं पट्टेदार. दिसायलाही छान दिसतं.

'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. ती बारीक असेल तर फटींमध्ये हरवते. शंका आली तर पट्ट्यांची संख्या बदलून पाहा.

छपाईचंही भान ठेवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई कापडावर थोडी पसरते आणि फटी बुजतात. टी-शर्टसाठी फट पट्टीपेक्षा जरा रुंद ठेवा. काळ्या कापडावर पांढरी अक्षरं असतील तर आणखी, कारण पांढरं डोळ्यांना मुळातच जाड भासतं. वेबसाइटवर टाकताना उंची १५ च्या पटीत घ्या : ३० किंवा ४५ पिक्सेल. ४० घेतलीत तर एका भागाला २.६७ पिक्सेल येतात आणि कडा धुरकट होतात.

शेवटचं, ऑर्डर देण्याआधी ए-फोरवर एक प्रिंट काढा, मेसच्या भिंतीवर चिकटवा आणि डिझाइन न पाहिलेल्या मित्राला दहा पावलांवरून वाचायला सांगा. तो अडखळला, तर पट्ट्या कमी करा. अक्षर आधी वाचता यायला हवं, पट्टे नंतर!