प्राणवायू गाळणारे पटल : वीजवाहक पॉलिमरचे आश्वासन आणि अडचण

पुणे : कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून उभ्या राहिलेल्या जेनरिच मेम्ब्रेन्स या कंपनीने हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत वाढवणारे उपकरण पुढे आणले. त्यात दाबाखालील हवा पॉलिमरच्या पोकळ, बारीक तंतूंमध्ये सोडली जाते. तंतूच्या भिंतीतून प्राणवायू लवकर पार होतो, नायट्रोजन मागे रेंगाळतो. सिलिंडर भरून आणण्याची गरज उरत नाही.

मात्र शुद्ध प्राणवायू यातून मिळत नाही. दोन्ही रेणूंचे आकारमान जवळजवळ सारखे, ०.३४६ आणि ०.३६४ नॅनोमीटर, असणे हे त्याचे एक प्रमुख कारण. वापरातील बहुतेक पटले प्राणवायूला नायट्रोजनच्या काही पटच झुकते माप देतात.

येथेच वीजवाहक पॉलिमरकडे लक्ष जाते. ज्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच कुळातील पॉलिअ‍ॅनिलिनचे पटल लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ मध्ये वायूंसाठी तपासले. प्राणवायू आणि नायट्रोजनमधील निवड ३० पटींपर्यंत, तर हायड्रोजन आणि नायट्रोजनमधील ३,५९० पटींपर्यंत गेल्याचे त्यांनी ‘सायन्स’मध्ये नोंदवले.

नावावरून वाटते तसे हे काम वीज करीत नाही. पॉलिमर वाहक बनतो तो आम्लातील आयन त्याच्या साखळ्यांमध्ये शिरल्याने, आणि पटलाला उपयोग होतो तो या शिरकावाचाच. आयन साखळ्यांना दूर सारतात. अमोनियाने ते धुऊन काढले की रिकाम्या जागा उरतात. त्यानंतर पटल पुन्हा सौम्य आम्लात ठेवल्यास थोडेच आयन परततात आणि वाटा अरुंद होतात. लहान रेणू सुटतो, किंचित मोठा अडतो. आम्लाच्या तीव्रतेने चाळणीची छिद्रे हवी तशी बसवता यावीत, असा हा प्रकार आहे.

मग रुग्णालयात हे पटल का नाही? रुग्णाला प्राणवायू मिनिटाला काही लिटर लागतो आणि वाट जितकी अरुंद तितका प्रवाह मंद. यावर एक उपाय म्हणजे थर अतिशय पातळ करणे. परंतु पॉलिअ‍ॅनिलिन ठिसूळ आहे. एखादे सूक्ष्म छिद्र राहिले तरी हवा न गाळताच पलीकडे जाते. त्यामुळे पटलांद्वारे हवेचे विभाजन करताना उद्योगांची भिस्त आजही साध्या, अवाहक पॉलिमरवरच आहे.