राहून गेलेले मूल : घरोघर लसीकरणाची आखणी

धर्मादाय कार्यात दान गोळा करणे एक वेळ सोपे. ज्याला त्याची खरी गरज आहे त्याच्या हाती ते पोचविणे मात्र कठीण. बालकांच्या लसीकरणाचेही तसेच आहे. सरकारी केंद्रात लस विनामूल्य मिळते, ठरलेल्या वारी परिचारिका येते. तरीही काही मुले राहून जातात. ती का राहतात आणि त्यांना गाठावे कसे, याचा थोडा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. गोवराचा फैलाव रोखावयाचा तर शंभरांतील सुमारे ९५ मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळावे लागतात. समजा, एखाद्या तालुक्याने हे प्रमाण गाठले. आता निश्चिंत व्हावे काय? नाही. कारण उरलेली मुले निरनिराळ्या घरांत विखुरलेली क्वचितच असतात. ती बहुधा एके ठिकाणी असतात : पालांवर, वीटभट्टीवर, बांधकामाच्या झोपड्यांत. तालुक्याचा आकडा उत्तम दिसत असतानाच एखाद्या वस्तीत बहुतेक मुले लसीवाचून असू शकतात, आणि गोवर नेमका तेथेच पेटतो.

हा धडा आपल्या देशाने पूर्वीच घेतला आहे. १९७३ साली उत्तर प्रदेश, बिहार आदी राज्यांत देवीचे रोगी घरोघर जाऊन शोधू लागले, तेव्हा कागदोपत्री नोंदलेल्यांहून कितीतरी अधिक रोगी सापडले. पोलिओच्या बाबतीतही तेच झाले. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली ती बूथवर मुलांना बोलावून. पण जी मुले बूथवर येत नव्हती त्यांच्यासाठी १९९९ पासून पथके घरोघर जाऊ लागली. डोस मिळालेल्या बालकाच्या करंगळीवर शाई लावीत. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाले त्या भिंतीवर खडूने ‘पी’ लिहीत. जेथे कुलूप होते, मूल बाहेरगावी होते किंवा आईबापांनी नकार दिला, तेथे ‘एक्स’. मोहिमेचे खरे मर्म या ‘एक्स’मध्ये होते, कारण त्या प्रत्येक घरी पुन्हा जावे लागे. भारतातील पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रोगी जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

आता आखणीविषयी. पोलिओचे थेंब दारात देता येतात. टोचावयाच्या लसींचे तसे नाही. म्हणून घरोघर फिरावयाचे ते यादी करण्यासाठी, आणि टोचणी करावयाची वस्तीजवळच्या एका जागी. आधी नकाशा काढावा. त्यात गल्ल्या दाखवाव्या, तशाच ज्या वस्त्यांची ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद नाही त्याही. मग प्रत्येक मुलाचे नाव, वय, कोणता डोस झाला व कोणता राहिला हे लिहावे. कार्ड हरवले म्हणून कोणालाही परत पाठवू नये. आईला विचारून नोंद करावी. जागा सावलीची हवी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पातळ केली की चार तासांच्या आत वापरावी लागते. म्हणून लोक कोणत्या वेळी सापडतील हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

आपल्या बेळगाव भागाचेच उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. जोडपी पहाटेच फडात जातात. लहान मुले त्यांच्याबरोबर जातात, नाहीतर कोपीत मोठ्या भावंडांपाशी राहतात. अकरा वाजता गेलेल्या पथकाला तेथे कोणी भेटत नाही. मूळ गावच्या यादीत मूल ‘स्थलांतरित’, आणि येथल्या यादीत त्याचे नावच नाही! हंगाम संपून टोळी परतते, तोवर दुसऱ्या डोसाची वेळही टळून गेलेली असते. येथे उपाय एकच : मुकादमाला आधी भेटावे, टोळीतील जोडप्यांची संख्या घ्यावी, संध्याकाळी कोपीवर जावे, आणि एक दिवसाची मजुरी बुडणार नाही अशी वेळ ठरवावी.

नकार देणाऱ्या आईबापांवर रागावून काही साधत नाही. बहुधा पूर्वीच्या लसीनंतर मुलाला ताप आला असतो आणि तो येईल हे कोणी सांगितलेले नसते. ते आधी सांगावे. तापावर काय द्यावे हेही सांगावे. लस दिल्यावर अर्धा तास मुलाला तेथेच थांबवावे. दुसऱ्या दिवशी कोणी पुन्हा चौकशीला गेले, तर पुढच्या वेळी तीच आई शेजारणीला घेऊन येते.

यात आपण काय करू शकतो? लस टोचणे हे आपले काम नव्हे, ते आरोग्यखात्याचे. पण कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा माणूस पथकाबरोबर देणे आपल्याला सहज शक्य आहे. आपल्या शेतात, बांधकामावर, भट्टीवर कोणाची मुले आहेत हे आपणांसच प्रथम कळते. ती नावे आशा कार्यकर्तीला कळवावी. बैठकीला जागा, पाणी, सावली द्यावी. आणि बंद दाराशी पुन्हा जाण्यासाठी एक संध्याकाळ द्यावी.

न्यासाच्या वार्षिक अहवालात किती मुलांना लस मिळाली याचा आकडा आपण आनंदाने छापू. त्याच्या शेजारी किती राहिली, कोणत्या वस्तीत राहिली आणि त्यांच्याकडे पुन्हा कोण जाणार, हेही छापावे, अशी विनंती आहे.