शाळागृहाची सफेदी व बागेचे रक्षण

पावसाळा सरला की शाळागृहाच्या भिंतींवर शेवाळ व काळे डाग उरतात, आणि दिवाळीच्या सुटीत अनेक ठिकाणी भिंती घासून चुन्याची सफेदी केली जाते. हे उचितच होय. परंतु सुटी संपून मुले परततात तेव्हा भिंतीलगतची जास्वंद करपलेली व मेथीचा वाफा पांढरा पडलेला कित्येकदा दिसतो. ज्या मुलांनी विहिरीवरून पाणी वाहून ती झाडे वाढविली, त्यांच्या दृष्टीने ही हानी लहान नसते. आपल्या श्रमाची कोणी कदर करीत नाही, असा चुकीचा पाठ त्यांना त्यातून मिळतो.

ही हानी कशी होते, हे प्रथम पाहावे. कळीचा चुना पाण्यात विरविला असता मोठी उष्णता निघते. विरलेला चुना तीव्र अल्कधर्मी असून त्याच्या निवळीचा सामू सुमारे १२·४ असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. असा चुना कोवळ्या पानावर पडल्यास पान भाजते, व वाळलेल्या थरामुळे त्यास प्रकाश मिळत नाही. देशावरील काळी जमीन बहुधा मुळातच अल्कधर्मी असते. तीत चुना मुरल्यास जमिनीतील लोह झाडास घेता येत नाही, आणि शिरा हिरव्या राहून नवी पाने पिवळी पडतात. कोकणातील तांबडी जमीन आम्लधर्मी असल्याने थोडा चुना सोसते. तथापि ताज्या चुन्याने कोवळी मुळे तेथेही दुखावतात. शेवाळ काढण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीनही पाने जाळतो.

यासाठी कामाच्या आदल्या दिवशी पुढील तयारी करावी. कुंड्या दूर न्याव्यात. वेल ओढून न तोडता दोरी सैल करून हळूच खाली उतरवावेत. आळ्यांना भरपूर पाणी द्यावे; ओल्या मातीत बाहेरचे पाणी कमी शिरते. भिंतीच्या बुडाशी उथळ चर काढून धुण्याचे पाणी मोकळ्या जागी न्यावे. ते विहिरीकडे वळू देऊ नये. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप मात्र जपू नये. ते लहान असतानाच काढावे.

काम सकाळी, वारा पडलेला असताना करावे. भिंतीलगतची झाडे जुन्या धोतराने अथवा ओल्या गोणपाटाने झाकावीत. प्लॅस्टिकखाली उन्हात झाडे उकडतात, म्हणून ते टाळावे. काम संपताच झाकण काढावे. चुना बागेपासून दूर विरवावा, आणि बादल्या व कुंचे आळ्यात धुऊ नयेत. पानांवर शिंतोडे उडाल्यास ते वाळण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने धुवावेत. ब्लीचिंग पावडरमध्ये तेजाब कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

चुना विरविण्याचे व लावण्याचे काम मुलांकडे देऊ नये. चुना डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. तसे कोणाचेही झाल्यास डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा व विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. वाफ्यातील भाजी शालेय आहारात वापरायची असेल, तर ब्लीचिंगचे पाणी अथवा चुना पडलेली पाने खुडून टाकावीत.

या प्रसंगातून विज्ञानाचा एक पाठही घेता येतो. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा. चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच तो तांबडा होतो. हळद व चुना यांपासून कुंकू होते, हे मुलांनी घरी ऐकलेले असते. त्याचे कारण त्यांना येथे उमगेल. पाने धुतल्यावर ओघळणाऱ्या पाण्यात असा कागद शिक्षकांनी मुलांसमोर धरावा. तो तांबडा झाल्यास पाने पुन्हा धुवावीत. पिवळा राहिल्यास चुना बहुतांशी निघून गेला असे समजावे.

भिंत पुढील वर्षी पुन्हा रंगविता येते. मुलांनी लावलेले झाड मेले तर ती वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून कामाचा दिवस ठरविताना शिक्षकांनी कारागिरास प्रथम बाग दाखवावी, व मगच भिंत दाखवावी.