श्वास कमी पडतो की जास्त होतो?

लागण, खोडवा, खते यांवर या पानांतून आपण नेहमीच बोलतो. आज थोडे सभासदाच्या छातीविषयी बोलू.

मागे एका गळीत हंगामात रात्री दोनच्या सुमारास वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरची मोठी रांग होती. आपले एक सभासद, वय पंचेचाळीसच्या आसपास, ट्रॉलीजवळून एकदम मागे सरले आणि खाली बसले. "मना जीव घाबरी राहिना रे भो!" एवढेच बोलले. छाती आवळली, ओठ बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या, बोटे आखडून वाकडी झाली. मंडळी जमली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी ओरडले, "भाऊ, जोरात श्वास घ्या, जोरात!" भाऊंनी घेतला. त्रास आणखी वाढला. जीपमध्ये घालून धुळ्याला नेले. कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासले, सगळे ठीक. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, हा भीतीचा झटका आहे.

हे ऐकून भाऊंना बरे वाटायला हवे होते. झाले उलटेच. "म्हणजे मी काय ढोंग करत होतो?" हा त्यांचा प्रश्न. त्यानंतर रात्री मोटार सुरू करायला विहिरीवर एकटे जाणे त्यांनी बंद केले. एस.टी.त बसेनात. भाऊ ढोंग करत नव्हते आणि त्यांचे हृदयही बिघडले नव्हते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा खऱ्या असतात, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्याला वाटते, दम लागला म्हणजे हवा कमी पडली. अशा झटक्यात बहुधा उलट घडते. माणूस घाबरला की गरजेपेक्षा जास्त आणि भरभर श्वास घेतो. रक्तात प्राणवायू आधीच भरपूर असतो, तो फारसा वाढत नाही. पण कर्बवायू भसाभस बाहेर जातो. हा वायू निव्वळ टाकाऊ नाही, ठराविक प्रमाणात तो रक्तात लागतोच. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर येते, डोळ्यांपुढे धूसर होते. रक्ताची आम्लता घटते, म्हणून मुंग्या येतात, बोटे आखडतात. छाती भरलेलीच असल्याने नवा श्वास आत मावत नाही, आणि माणसाला वाटते आपण गुदमरतो आहोत. तो आणखी जोरात ओढतो. चक्र सुरू.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा बिनवाफशाचा ऊस. सरीत पाणी साचून मुळे गुदमरली की ऊस पिवळा पडतो, मलूल दिसतो. न कळणारा म्हणतो, तहानलेला आहे, आणि वर आणखी एक पाणी देतो.

झटका त्या रात्री आला, तरी जमीन आधीपासून तयार होत असते. दिवसभर तोंडाने, छातीच्या वरच्या भागाने श्वास घेणे, सारखे उसासे टाकणे ही सवय काहींना जडते. त्यात सोसायटीचे कर्ज, तोड लांबलेली, रात्रीच्या विजेमुळे झोप नाही, आणि नंबर लागेपर्यंत चहावर चहा. अशा वेळी छोटेसे निमित्त पुरते. घरातल्या बायकांनाही हा त्रास होतो. त्याला 'नाटक' किंवा 'नजर लागली' म्हणून मोकळे होणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते बरे नव्हे.

हा रोग आजकालच्या नाजूकपणाचा, असेही कुणी समजू नये. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या धडधाकट सैनिकांमध्ये छातीत धडधड आणि दम लागण्याची अशीच तक्रार डॉ. दा कोस्टा यांनी १८७१ साली नोंदवली होती.

श्वासाचा शास्त्रीय अभ्यास करणारा एक मोठा माणूस आपल्याच खानदेशात राहून गेला, हे थोड्यांना ठाऊक असेल. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, अमळनेरला शिक्षक होते आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले आणि योगक्रिया क्ष-किरणांनी व यंत्रांनी तपासल्या. प्राणायामाने जादा प्राणवायू मिळतो हा त्याचा मुख्य लाभ नव्हे, असे त्यांचे मत होते. आज गावोगाव 'भरपूर प्राणवायू घ्या' म्हणून भराभर भाता चालवायला लावतात, त्यांनी हे ऐकावे. ज्याला असे झटके येतात त्याने भस्त्रिका, कपालभाती जाणकाराशिवाय करू नये, त्यानेच झटका यायचा.

मग करायचे काय? भाऊंना एका डॉक्टरांनी शिकवले ते असे. टेकून बसा, हात पोटावर ठेवा. नाकाने हलकेच श्वास घ्या, मनात चार मोजा. छाती फुगवू नका, पोट वर येऊ द्या. मग सहा मोजत सावकाश सोडा. कोंडायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. खरे काम सोडण्यात आहे: लांब निःश्वासाने हृदयाची गती उतरते. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, बरे असतानाच करायचे. झटक्याच्या वेळी एकदम शिकू म्हटले तर जमत नाही. कागदी पिशवी तोंडाला लावण्याचा जुना उपाय मात्र करू नका. हृदयविकार किंवा दमा असला तर ते जिवावर बेतते.

आणि हे नीट ध्यानात ठेवा. छातीत पहिल्यांदाच कळ आली, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. फवारणीनंतर दम लागून लाळ सुटली तरी तेच. हृदयाचे नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, समुपदेशन आहे, गरज पडल्यास औषधही आहे. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. श्वासाने कर्ज फिटत नाही, तोडही लवकर येत नाही, हे आम्हालाही कळते.

भाऊंना नंतरही दोनदा त्रास झाला. एकदा विहिरीवरच. थाळ्याला टेकून बसले, मोजत राहिले, दहा-पंधरा मिनिटांत उतरला. मग उठून मोटार चालू केली. कार्डिओग्रामचा तो कागद अजून त्यांच्या खिशात असतो, पार चुरगळला आहे.