माळ्यावरचे शिपाई: भंगार की ठेवा?

पोरगं मोठं होतं, नोकरीला लागतं, लग्न करून पुण्या-बंगलोरकडे स्थायिक होतं. त्याची खेळणी मात्र त्याच्याबरोबर जात नाहीत. ती राहतात आपल्या माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हाती लागतात, दरवर्षी आपण म्हणतो, "यंदा भंगारवाल्याला देऊनच टाकते," आणि पुन्हा तिथेच ठेवतो. मैत्रिणींनो, यंदा देण्याआधी डबा एकदा उघडून बघा. आत वीतभरही नसलेले, हातपाय हलणारे प्लॅस्टिकचे शिपाई किंवा अंतराळवीर असतील, तर जरा थांबा.

या बाहुल्यांचं वेड सुरू झालं ते 'स्टार वॉर्स' या सिनेमापासून. सिनेमा आला १९७७ साली. केनर नावाच्या अमेरिकन कंपनीकडे बाहुल्यांचं काम होतं, पण नाताळपर्यंत ते तयार होईनात. मग कंपनीने चक्क रिकामी खोकी विकली! आत एक कागद, तो पाठवला की पुढच्या वर्षी बाहुले घरी येणार. आणि लोकांनी ती खोकी विकत घेतली, बरं का! या बाहुल्यांची उंची पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. खिशात मावतील आणि खेळण्यातल्या विमानात बसतील एवढे. हे माप असं चाललं की १९८२ साली हॅस्ब्रो कंपनीने आपले 'जी. आय. जो' शिपाईही त्याच मापाचे काढले.

आपल्याकडे आले ते हे शिपाई. एमआरएफची फनस्कूल कंपनी १९८७ साली सुरू झाली आणि तिच्या गोव्याच्या कारखान्यात जी. आय. जो तयार होऊ लागले. साचे अमेरिकेचे, पण रंग पुष्कळदा आपल्याकडचेच. अमेरिकेत हिरवा असलेला शिपाई इथे पिवळा किंवा निळा निघायचा. आपल्या पोरांना त्याचं काही वाटलं नाही. पण तिकडच्या हौशी संग्राहकांना आज नेमकी हीच रंगांची गंमत हवी असते.

आमच्या चिखल्याच्या खाण वसाहतीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. यजमानांची निवृत्ती जवळ आली. मँगनीजच्या खाणीतली नोकरी, क्वार्टर कंपनीचं. ते सोडायचं म्हणजे पंचवीस वर्षांचा संसार तुमसरच्या दोन खोल्यांत बसवायचा. माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात मुलाचे सत्तावीस शिपाई, आणि त्याच्या मामाने १९९९ साली अमेरिकेतून आणलेले 'स्टार वॉर्स'चे चार बाहुले, पाकीटसुद्धा न फोडलेले. कुणीतरी नागपूरच्या एका घेणाऱ्याचा नंबर दिला. त्याने न बघताच फोनवर सांगितलं, "सगळे मिळून पंधराशे." वहिनी म्हणाल्या, "अहो, घरात जागा नाही. देऊनच टाकते. पंधराशे तर पंधराशे."

मी म्हटलं, आधी पोराला विचारा. शिपाई घेतले तुम्ही, घरखर्चातून वाचवून, सीताबर्डीला जाल तेव्हा एकेक. हे खरं. पण खेळला तो. मुलाला न विचारता त्याचा डबा विकणं म्हणजे सुनेने आपली पैठणी न विचारता देऊन टाकण्यासारखंच आहे, असं माझं स्पष्ट मत. मुलाला फोन गेला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आई, सहा राहू दे. बाकीच्यांचं तू ठरव." कुठले सहा, तेही त्याला नावानिशी पाठ होते.

उरलेल्यांची पारख करायला बसलो तेव्हा मोठी मौज झाली. वहिनींची सगळी भिस्त मामाच्या पाकीटबंद बाहुल्यांवर. पण त्या वर्षी नवा सिनेमा येणार म्हणून कंपनीने ते अतोनात काढले होते, आणि 'पुढे भाव येईल' म्हणून जगभर लोकांनी ते पाकिटासकट जपून ठेवले. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला भाव कुठून येणार? त्यापेक्षा आपल्या गोव्याच्या, खेळून घासलेल्या शिपायांना विचारणा जास्त झाली. एकेक करून विकल्यावर पंधराशेच्या कितीतरी पट रक्कम हाती आली. लाखो नव्हे हो, पण नव्या घरातलं लोखंडी कपाट त्यातून झालं.

लाखांच्या बातम्या येतात त्या वेगळ्या. बोबा फेट नावाच्या पात्राचा, पाठीवरून रॉकेट उडणारा एक नमुना केनरने केला होता. मुलांच्या घशात रॉकेट अडकेल या भीतीने तो बाजारात आलाच नाही. त्यातला एक २०२४ साली लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला, म्हणजे चार कोटींच्या वर. तो आपल्या माळ्यावर सापडणार नाही, तेव्हा त्या नादी लागू नका.

पारख करताना बघायचं ते असं. बाहुल्याबरोबरची बंदूक, टोपी, पिशवी आहे का? निम्मा भाव त्यातच असतो, म्हणून डब्याच्या तळाचा कचरा झटकून टाकू नका. पाठीमागचा पुठ्ठा कुणी ठेवला असेल तर सोन्याहून पिवळं. कमरेतून तुटलेला जी. आय. जो बहुधा तुटलेला नसतोच, आतलं काळं रबरी कडं कुजलेलं असतं. पाठीचा स्क्रू काढून हार्डवेअरच्या दुकानातलं त्याच मापाचं कडं बसवलं की शिपाई पुन्हा उभा. नातवंडांचे लेगोचे बाहुले असतील तर मान आणि डोक्यावरची गुंडी भिंगाखाली बघा. अस्सल असेल तर बारीक अक्षरात लेगो लिहिलेलं दिसेल. जत्रेतल्या नकलेवर ते नसतं.

अस्सल-नकलीचा घोळ जुन्या बाहुल्यांतही आहे. जावा नावाच्या बुटक्याला आधी प्लॅस्टिकची कफनी होती, ती स्वस्तातली दिसते म्हणून पुढे कापडाची केली. प्लॅस्टिकवाला दुर्मीळ झाला. मग लोकांनी दुसऱ्या बाहुल्याची कफनी कापून याला घालायला सुरुवात केली!

आता निगा. कोमट पाणी, दोन थेंब साबण आणि जुना मऊ ब्रश पुरे. आमच्याकडची खाणीची काळी धूळसुद्धा तेवढ्याने निघते. स्क्रूवाले बाहुले भिजत घालू नका, आत गंज चढतो. स्टिकर असेल तिथे ओलं फडकंही नको. उन्हात वाळवू नका, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. डांबरगोळ्या तर डब्यात मुळीच नकोत. लोकरीच्या कपड्यांना त्या चालतात, पण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला बाधते. एकेकाला जुन्या सुती कपड्याच्या तुकड्यात गुंडाळा, आणि डब्यात एक चिठ्ठी टाका: कुणाचा, कुणी दिला, कुठल्या साली.